शाळेत स्टेन्ड ग्लास, पण काच न वापरता: शिक्षकांना नेहमी पडणारे प्रश्न

स्टेन्ड ग्लास म्हणजे रंगीत काचेच्या तुकड्यांचं काचचित्र. चित्रकला आणि कार्यानुभवाचे तास घेणारे शिक्षक, तसंच सुट्टीत मुलांची शिबिरं घेणारी मंडळी यांच्यासाठी हे पान आहे. प्रमाणं ३५ मिनिटांची तासिका आणि ४० मुलांचा वर्ग धरून दिली आहेत.

खरी स्टेन्ड ग्लास कशी बनते? आपण नक्कल नेमकी कशाची करतो?

खऱ्या काचचित्रात बहुतेक रंग काचेवर नसतो, काचेच्या आतच असतो. काच वितळलेली असताना तिच्यात धातूंची संयुगं मिसळतात. कोबाल्टमुळे गडद निळा येतो, मँगनीजमुळे जांभळा, लोखंडामुळे हिरवट, सोन्यामुळे माणकासारखा लाल. अशा काचेचे तुकडे कापून शिशाच्या पट्ट्यांत बसवतात. या पट्टीला दोन्ही बाजूंनी खाच असते, म्हणून एकाच पट्टीत दोन शेजारचे तुकडे अडकतात. सांध्यांना डाख देतात आणि फटींत पुटी भरतात. डोळे, बोटं, वस्त्राच्या चुण्या असे बारकावे काळपट रंगाने काढून भट्टीत भाजतात. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून युरोपात चांदीच्या संयुगाचा लेप देऊन काच भाजू लागले. त्यातून लिंबापासून नारिंगीपर्यंत पिवळ्या छटा मिळतात. ‘स्टेन’ म्हणजे डाग, आणि काचेला चढलेला खरा ‘डाग’ तो हाच.

शाळेत आपण तीन गोष्टींची नक्कल करतो: शिशाची काळी रेघ, पारदर्शक रंग आणि मागून येणारा उजेड. पहिल्या दोन सगळे करतात, तिसरी राहून जाते. मग सुंदर झालेलं काम फळ्याशेजारच्या भिंतीवर चिकटवलं जातं आणि मेल्यासारखं दिसतं. म्हणून चित्र काढण्याआधी ते कुठल्या खिडकीत लागणार हे ठरवा.

कुठल्या इयत्तेला कुठली पद्धत?

पहिली-दुसरीला तेल लावलेला कागद. तिसरी ते पाचवीला काळा कागद आणि मागून पतंगाचा कागद किंवा जिलेटीन (चकचकीत, रंगीत, पारदर्शक कागद). सहावीपासून पुढे ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकची शीट), काळा लायनर (ट्यूब दाबून उंच रेघ काढायचा घट्ट रंग) आणि ग्लास कलर (काचेवर लावायचे पारदर्शक रंग). पाचवीची मुलं लायनर चालवू शकत नाहीत असं नाही, पण ट्यूब सलग एकसारखी दाबत राहण्याची ताकद त्यांच्या बोटांत कमी असते. रेघ तुटत जाते आणि मुलं वैतागतात.

तेलाच्या कागदाची पद्धत म्हणजे काय? खर्च किती?

खर्च जवळपास नाहीच. वहीचा किंवा झेरॉक्सचा ७०–७५ जीएसएमचा कागद, मेणाचे खडू, खोबरेल तेल आणि कापूस एवढंच लागतं. जाड ड्रॉइंग पेपर नको, त्यातून तेल आरपार जात नाही.

चित्राच्या सगळ्या रेघा काळ्या खडूने दोन-दोनदा दाबून काढायच्या. आतले भाग खडूने घट्ट भरायचे, पांढरा कागद डोकावता कामा नये. मग कागद रद्दीवर पालथा ठेवून मागून कापसाने तेल फिरवायचं. ए-४ कागदाला एक चहाचा चमचा तेल पुरतं. पाच मिनिटांनी दोन रद्दी कागदांत दाबून जास्तीचं तेल टिपायचं आणि खिडकीशी धरायचं.

कागदाचे तंतू आणि त्यांच्यामधली हवा उजेड सगळीकडे विखुरतात, म्हणून कागद अपारदर्शक दिसतो. तेल हवेची जागा घेतं. तेलातून आणि तंतूंतून उजेड जवळपास सारखाच वाकतो, त्यामुळे विखुरणं कमी होतं आणि कागद उजळतो. वडापाव बांधून आणलेल्या कागदावरचा डाग सगळ्या मुलांनी पाहिलेला असतो, तिथूनच सुरुवात करा.

थंडीत खोबरेल तेल गोठतं, तेव्हा शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं घ्या. ऑइल पेस्टल वापरू नका, तेल लागताच ते फरफटतात. स्केचपेनची शाई पाण्यातली असते, ती तेलात पसरत नाही, त्यामुळे चालते. हे काम फार दिवस ठेवायचं नसतं. काही आठवड्यांत तेलाला खवट वास येतो.

काळा कागद आणि जिलेटीन: सुरुवात कशी करायची?

ए-४ आकाराचा काळा कार्डशीट घ्या. पांढऱ्या पेन्सिलने चारही बाजूंना २ सेंमीची चौकट आखा. आत चित्र काढा, पण प्रत्येक रेघ एकेरी न काढता ६ ते ८ मिमी रुंदीची पट्टी म्हणून काढा. हीच पट्टी उरणार आहे, बाकीचं कापून जाणार आहे. मुलं पहिल्यांदा हमखास उलट करतात, म्हणून कापायच्या प्रत्येक भागात खुणेचा ‘×’ काढायला लावा. ही एक सवय अर्धे कागद वाया जाण्यापासून वाचवते.

कापण्याचं काम पेपर कटरने होतं आणि कटर मोठ्यांच्याच हातात हवा. वर्ग मोठा असेल तर कटर विसरा. साधा काळा कागद घ्या, उभा दुमडा आणि घडीवरून कात्रीने कातरकाम करायला सांगा. दिवाळीच्या कंदिलाला लावतो तशी सममित नक्षी निघते: कमळ, फुलपाखरू, पणती, समोरासमोरचे दोन मोर.

रंग लावताना कागद पालथा ठेवा. कापलेल्या भोकापेक्षा प्रत्येक बाजूने ५ मिमी मोठा रंगीत तुकडा कापून मागून चिकटवा. पतंगाच्या कागदाला फेविकॉलचा अगदी पातळ थर बोटाने लावा. जिलेटीनला मात्र फेविकॉल नको. ओलसर गोंदाने जिलेटीन सुरकुततं, आणि गोंद सुकायला हवा लागत असल्यामुळे मध्ये अडकलेला थर तासन् तास ओला राहतो. तिथे डबल टेपच्या ३-४ मिमीच्या पट्ट्या वापरा. घोटीव कागद आणि कार्डशीट यातलं काहीच रंगासाठी चालत नाही, दोन्हीतून उजेड येत नाही. दुकानात कागद बोटावर धरून उजेडाकडे बघा. बोटाची कड स्पष्ट दिसली की तो कागद घ्या.

चित्र कुठलं निवडावं? मुलांचं मधलं चित्र गळून का पडतं?

कारण त्याला आधार नसतो. काळ्या कागदात वर्तुळाच्या आत दुसरं काळं वर्तुळ काढलं तर आतलं बेट कुठेच जोडलेलं राहत नाही. खऱ्या काचचित्रातही नियम हाच: प्रत्येक शिशाची पट्टी दुसऱ्या पट्टीला किंवा चौकटीला जाऊन मिळते, अधांतरी थांबत नाही. सूर्य काढला तर त्याच्या किरणांच्या रेघा थेट चौकटीपर्यंत न्या. माशाचा डोळा हवा तर तो कल्ल्याच्या रेघेला जोडा किंवा नंतर वरून काळ्या पेनने ठिपका द्या.

ओएचपी शीटवर बेट गळत नाही, कारण खाली शीट असते. तरी हा नियम तिथेही पाळायला लावावा. आभाळाचा एकच मोठा निळा पट्टा रंगवला की तो प्लास्टिकसारखा दिसतो. तोच पट्टा चार-पाच वाहत्या रेघांनी तोडून प्रत्येक तुकड्यात वेगळी निळी छटा भरली की काच वाटू लागते. रेघ ही नुसती कडा नव्हे, तीच रचना आहे. या उपक्रमातून मुलांच्या हाती काही लागायचं असेल तर ते हे.

तुकड्यांची संख्या पाचवीला १२ ते १५, आठवीला २५ ते ३०. सगळ्यात लहान तुकडा अंगठ्याच्या नखाएवढा तरी हवा. मासा, मोर, कमळ, पतंग, जास्वंद, होडी, रांगोळीच्या ठिपक्यांवरची नक्षी हे विषय चांगले बसतात. माणसाचा चेहरा टाळा. वारली चित्रं या माध्यमात बसत नाहीत, कारण त्या आकृत्या मुख्यतः बारीक रेघांच्या आणि छोट्या त्रिकोणांच्या असतात आणि रंग भरायला आत फारशी जागा नसते. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या संकल्पचित्राचा सराव करणाऱ्या मुलांना तिथलीच एखादी नक्षी इथे वापरता येईल.

ओएचपी शीटवरची पद्धत पहिल्यापासून सांगाल का?

चार तासिका धरा, आणि त्या सलग नको. प्रत्येक टप्प्यानंतर सुकायला वेळ लागतो, त्यामुळे आठवड्यातून एक तास हे वेळापत्रक उलट सोयीचं पडतं.

पहिला तास कागदावर. ए-५ आकारात, म्हणजे ए-४च्या निम्म्यात, पेन्सिलने चित्र आणि त्यावर काळ्या स्केचपेनने रेघ. रंग कुठे कुठला, हे आतच लिहून ठेवायचं.

दुसरा तास लायनरचा. शीट साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करा, बोटांच्या तेलकट ठशांवर रेघ धरत नाही. शीट चित्रावर ठेवून चारही कोपरे मास्किंग टेपने बाकाला पक्के करा. लायनरचं तोंड आधी रद्दीवर दाबून पहा, सुरुवातीला हवा येते आणि शिंतोडा उडतो. ट्यूब साधारण ४५ अंशांत धरायची. टोक शीटवर घासायचं नाही, दोन-तीन मिमी वर उचलून धरायचं आणि दोरा सोडतो तशी रेघ अलगद पडू द्यायची. चकलीचा सोऱ्या किंवा मेंदीचा कोन ज्यांनी हाताळला आहे त्यांना हे लगेच जमतं. उजव्या हाताच्या मुलाने वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात करावी, डावखुऱ्याने वरच्या उजव्या, म्हणजे ओल्या रेघेवर मनगट येत नाही. रेघ २ ते ३ मिमी रुंद आणि चांगली उंच हवी. तिचं काम शेताच्या बांधाचं आहे: रंगाचं पाणी अडवायचं. म्हणूनच मार्करने काढलेली किंवा शीटवर थेट झेरॉक्स केलेली रेघ चालत नाही.

रेघ किमान सहा तास, शक्यतो रात्रभर सुकू द्या. आडवीच ठेवा.

तिसरा तास रंगाचा, पण तास सुरू व्हायच्या अर्धा-पाऊण तास आधी एक तपासणी. शीट उजेडाकडे धरून जिथे दोन रेघा मिळतात ते सगळे सांधे बघा. टाचणीच्या टोकाएवढी फट असली तरी तिथून पांढरा उजेड डोकावतो. तिथे लायनरचा ठिपका द्या आणि अर्धा तास थांबा.

मग रंग. बाटली हलवायची नाही, काडीने हळू ढवळायची. ब्रशने किंवा ड्रॉपरने तुकड्याच्या मध्यभागी थेंब सोडा आणि टूथपिकने कोपऱ्यांकडे ओढत न्या. रंग रेघेला टेकला पाहिजे, तिच्यावर चढता कामा नये. ब्रशने भिंतीसारखा फासला तर सुकल्यावर फटकारे दिसतात. थेंब जाडसर सोडला तर तो स्वतःच सपाट होतो. शेजारशेजारचे तुकडे लागोपाठ भरू नका. एकाआड एक भरा, म्हणजे चुकून ओघळ आला तरी कोरड्या जागेत येतो. २४ तास आडवं ठेवा. चाळीस शीटना जागा कुठून आणायची हा खरा प्रश्न असतो, तेव्हा बाकांवर न ठेवता पुठ्ठ्यावर ठेवून कपाटाच्या वरचा भाग आधीच मोकळा करून घ्या.

चौथा तास दुरुस्ती, काळ्या कार्डशीटची चौकट आणि लावणे.

४० मुलांना साहित्य किती आणायचं?

ए-५ आकार धरून:

- ओएचपी शीट ए-४: २०, आणि खराब होण्यासाठी २ जास्त. गुळगुळीत साधी शीट मागा. प्रिंटरसाठीच्या शीटला एका बाजूने खरखरीत लेप असतो, त्या बाजूवर रंग शोषला जातो.
- काळा लायनर: एका चित्रात साधारण दोन मीटर रेघ होते आणि तिला ३ ते ४ मिली लायनर लागतो. २० मिलीची एक ट्यूब पाच मुलांना, म्हणजे ८ ट्यूब.
- रंग: ५ × ५ सेंमीच्या तुकड्याला योग्य जाडीसाठी सुमारे १ मिली रंग लागतो. एका चित्राला ७ ते ८ मिली, वर्गाला २८० ते ३२० मिली. पिवळा आणि निळा जास्त आणा, तेच आधी संपतात.
- टूथपिकचा एक डबा, टाचण्या, मास्किंग टेपची दोन रिळं, कापूस, भरपूर रद्दी.

पाच-पाच मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एक लायनर व रंगांचा एक संच द्या. प्रत्येकाला वेगळा संच देण्याची गरज नाही. वाट बघताना मुलं एकमेकांच्या रेघा पाहतात आणि त्यातून शिकतात.

लायनर महाग पडतो. घरी बनवता येतो का?

येतो. तीन भाग फेविकॉल आणि एक भाग काळा ॲक्रिलिक रंग. चाळीस मुलांना १२० मिली फेविकॉल आणि ४० मिली रंग. नीट मिसळून दहा मिनिटं झाकून ठेवा, बुडबुडे वर येतात. मग मेंदीच्या कोनात भरा आणि टोक २ मिमीपेक्षा कमी कापा. कापल्यावर मोठं करता येतं, लहान करता येत नाही.

काळा पोस्टर कलर घालू नका. तो सुकल्यावरही पाण्यात विरघळतो. पाण्यावर आधारित ग्लास कलर त्याला लागला की रेघेचा काळेपणा पिवळ्यात उतरतो आणि सगळं चित्र मळकट होतं. ‘रंग खराब निघाले’ म्हणून येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच ठिकाणी दोष रंगात नसतो, पोस्टर कलरच्या रेघेत असतो. ॲक्रिलिक घातलेली रेघही पूर्ण २४ तास सुकू द्यावी, कारण फेविकॉलचा थर ओलाव्याने पुन्हा मऊ पडतो.

ग्लास कलरऐवजी फेविकॉलमध्ये खायचा रंग मिसळला तर?

चालतं, आणि पाचवी-सहावीला हेच बरं. एक चहाचा चमचा फेविकॉल, दोन-तीन थेंब द्रव खाद्यरंग. पावडरचा रंग असेल तर आधी अर्धा चमचा पाण्यात विरघळवून घ्या, कोरडा टाकल्यास ठिपके राहतात. ओलं असताना मिश्रण दुधट दिसतं, सुकल्यावर स्वच्छ आणि गडद होतं. मुलांना ‘फिका दिसतोय’ म्हणून आणखी रंग टाकायचा मोह होतो, तो थांबवा. जास्त पाणी घातलं तर थर सुकताना आकसतो आणि रेघेपासून सुटतो.

एक गंमत: साध्या प्लास्टिकच्या फाइल कव्हरवर हे केलं आणि दोन-तीन दिवस पूर्ण सुकू दिलं, तर सगळं चित्र अखंड सोलून निघतं, कारण त्या प्लास्टिकला फेविकॉल पक्का धरत नाही. मग ते वर्गाच्या खिडकीच्या काचेवर दाबून चिकटवता येतं. मात्र त्यासाठी रंग आणि रेघ यांच्यात कुठेही खंड नको.

बुडबुडे, ओघळ, पांढरट डाग: काय चुकतं?

बुडबुडे बहुतेक बाटली हलवल्याने येतात. ओल्या रंगात असतील तर टाचणीने फोडा. पाच-दहा मिनिटांनी वर साय धरते, त्यानंतर टोचलं तर खड्डा राहतो.

रंग शेजारी गेला तर लगेच कापसाच्या काडीने टिपा. सुकला असेल तर हात लावू नका. त्या जागी लायनरने एक नवी रेघ काढून तो वेगळा तुकडाच करून टाका. कारागीर तडकलेल्या काचेवर शिशाची जादा पट्टी घालतात, ती युक्ती हीच.

रेघ जाड-बारीक होते, कारण हात रेघेच्या मध्ये थांबतो. थांबायचंच असेल तर सांध्यावर थांबा. रेघ पूर्ण चुकली तर ओली असताना खोडू नका. सुकू द्या, मग टोकदार काडीने उचला, रबरासारखी निघते.

कोपरे रिकामे राहणं ही सगळ्यात सर्रास दिसणारी चूक. आडव्या शीटवर ती लक्षात येत नाही, उजेडात पांढऱ्या टिकल्या चमकतात. म्हणून तिसरा तास संपण्याआधी शीट बाकाच्या कडेपासून थोडी बाहेर सरकवून खालून बघायची सवय लावा. उचलून बघू नका, रंग ओघळेल.

पांढरट पडदा आला तर कारण ओलावा.

पावसाळ्यात हे करावं का?

कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो नको. फेविकॉलचे थर दोन-दोन दिवस चिकट राहतात, एकमेकांवर ठेवले की चिकटतात आणि दुधट होतात. करायचंच असेल तर काळा कागद आणि जिलेटीन घ्या, तेही डबल टेपने. ओएचपीचं काम ऑक्टोबरपासून पुढे काढा. हवा कोरडी असते आणि दिवाळीही जवळ असते.

कागदावर छान दिसलेले रंग खिडकीत काळपट का दिसतात?

कागदावर रंगातून गेलेला उजेड पांढऱ्या पृष्ठभागावर आपटून परत डोळ्यांकडे येतो. इथे मागून आरपार आलेला उजेडच तेवढा मिळतो. गडद निळा, जांभळा आणि दाट हिरवा फार कमी उजेड सोडतात, पिवळा सगळ्यात जास्त. तेव्हा एक तृतीयांश तुकडे फिके किंवा बिनरंगी ठेवा. बिनरंगी तुकडा अपूर्ण वाटेल म्हणून मुलं तो भरून टाकतात. तोच चित्राला श्वास देतो हे खिडकीशी धरून दाखवल्याशिवाय त्यांना पटत नाही.

दुसरं, उजळ तुकड्यांचा प्रकाश डोळ्याला काळ्या रेघेवर सांडल्यासारखा दिसतो आणि रेघ होती त्यापेक्षा बारीक वाटते. म्हणून कागदावर ‘जरा जाडच झाली’ वाटणारी रेघ खिडकीत बरोबर दिसते.

दोन जिलेटीन एकावर एक ठेवली तर?

जरूर ठेवा, आणि विज्ञानाच्या शिक्षकांनाही बोलवा. पिवळ्यावर निळं ठेवलं की हिरवं मिळतं. लालवर हिरवं ठेवलं की जवळपास काळं, कारण लाल कागद लाल उजेडच सोडतो आणि हिरवा तोच अडवतो. तीन रंगांच्या कागदांत सहा-सात छटा निघतात, खर्चही वाचतो. हाच प्रयोग टॉर्चच्या उजेडात लाल आणि हिरवे झोत भिंतीवर एकत्र पाडून केला तर पिवळं दिसतं. रंग मिसळणं आणि उजेड मिसळणं यांतला फरक एका तासात कळतो.

खऱ्या काचेवर करू का?

नववी-दहावीत, कडा घासून गुळगुळीत केलेल्या जाड काचेवर, देखरेखीखाली हरकत नाही. जुनी फोटोफ्रेम सगळ्यात सोपी: काच चौकटीतच राहते, धार बाहेर येत नाही. काच कापणं आणि शिशाच्या पट्ट्या हाताळणं मात्र मुलांसोबत करू नका. शिसं हातावरून तोंडात जातं, शरीरात साठतं आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूला अपाय करतं. ‘खरा अनुभव’ म्हणून एखादा तुकडासुद्धा हातात देण्यासारखा नाही.

रंगांना उग्र वास येतो, काय काळजी घ्यावी?

ग्लास कलर दोन प्रकारचे मिळतात. पाण्यावर आधारित आणि द्रावकावर आधारित. दुसऱ्याची चकाकी आणि टिकाऊपणा जास्त, पण वासाने डोकं दुखतं आणि तो पेट घेतो. शाळेसाठी पाण्यावर आधारितच घ्या, लेबलावर वाचून. खिडक्या उघड्या, पंखा मंद. वेगात पंखा असला तर रंगावर धूळ बसते आणि साय लवकर धरते.

याचा आकाशकंदील करता येईल?

आकाशकंदील हीच महाराष्ट्रातल्या घरोघरची स्टेन्ड ग्लास आहे: काड्यांचा सांगाडा, रंगीत कागद, आतून उजेड. चार ए-५ शीट काळ्या कार्डशीटच्या चौकटींत बसवा, उभ्या कडा जोडून चौकोनी पेटी करा. तळ आणि माथा उघडा ठेवा म्हणजे हवा खेळेल. आत ३ ते ५ वॅटचा एलईडी दिवा. एलईडी समोरून टोचतो आणि मध्ये एकच पांढरा ठिपका दिसतो, म्हणून दिव्याभोवती बटर पेपरची नळी करा, प्रत्येक बाजूने ५ सेंमी अंतर सोडून. पणती, मेणबत्ती किंवा तापणारा जुना पिवळा बल्ब अजिबात नको. प्लास्टिक शीट आणि कागद दोन्ही पेटतात.

खिडकीत कुठे लावावं? किती टिकतं?

मागे मोकळं आभाळ असेल ती खिडकी उत्तम. मागे झाड किंवा समोरच्या इमारतीची भिंत असेल तर ती रंगातून दिसते आणि चित्र विस्कटतं. अशा ठिकाणी चित्राच्या मागे बटर पेपर लावा, उजेड सारखा पसरतो. पूर्वेची खिडकी सकाळच्या शाळेला, पश्चिमेची दुपारच्या.

थेट उन्हात पतंगाचा कागद आणि खाद्यरंग काही आठवड्यांत विटतात, गुलाबी सगळ्यात आधी. फेविकॉलचे थर पावसाच्या शिंतोड्यांत मऊ होतात, म्हणून चित्र काचेच्या आतल्या बाजूलाच लावा.

मुलांना खरी काचचित्रं कुठे दाखवता येतील?

मुंबईत फोर्ट परिसरात एका सकाळीत बरंच बघून होतं. मुंबई विद्यापीठाची ग्रंथालयाची इमारत आणि राजाबाई टॉवर १८७८मध्ये पूर्ण झाले. ग्रंथालयाची मोठी काचचित्रं नीट पाहायची तर आतूनच, त्यासाठी आधी परवानगी काढावी लागते. १८८७च्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमध्ये, काळा घोडा भागातल्या १८८४च्या केनेसेथ एलियाहू सिनेगॉगमध्ये आणि कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्येही काचचित्रं आहेत. प्रार्थनास्थळी जाताना वेळ विचारून जा. दिवसाच न्या, आणि मुलांना एकच काम द्या: एका खिडकीतली शिशाची एक रेघ निवडून ती कुठे जाऊन मिळते ते बोटाने हवेत काढत शोधायचं.

गोव्यात गेलात तर जुन्या घरांच्या शिंपल्यांच्या खिडक्या दाखवा. चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवलेले असतात. रंग नाही, काचही नाही, तरी तत्त्व तेच: चौकट आणि गाळलेला उजेड.

गुण कशाला द्यावेत?

रेघा सगळ्या जोडलेल्या आहेत का, कोपरे भरले आहेत का, आणि फिक्या-गडद तुकड्यांचा तोल खिडकीत जमतो का, या तीन गोष्टींना. मूळ चित्र हुबेहूब आलं का याला देऊ नका, नाहीतर मुलं नेटवरचं चित्र छापून गिरवतात. आणि गुण देताना काम उजेडाकडे धरूनच बघा. टेबलावर ठेवून नव्हे.

गणवेशावर डाग पडला तर?

ओला असताना थंड पाण्याने धुतला तर फेविकॉल आणि पाण्यावर आधारित रंग दोन्ही निघतात. सुकलेला फेविकॉल कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून खरवडता येतो. काळं ॲक्रिलिक सुकलं की निघत नाही, म्हणून लायनरच्या दिवशी घरचा जुना शर्ट वरून घालून यायला सांगा, आणि तशी सूचना आदल्या दिवशीच डायरीत लिहून द्या.